दोराचे दुसरे टोक

अंबरनाथच्या शिवालयात देवाच्या दर्शनासाठी खाली उतरावे लागते, ही गोष्ट तेथे प्रथमच जाणाऱ्या भाविकाला काहीशी चमत्कारिक वाटल्यावाचून राहत नाही. सभामंडपातील कोरीव स्तंभ ओलांडून गाभाऱ्याच्या दाराशी यावे, तो पायऱ्या लागतात; पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनवाणी पावलांनी गुळगुळीत झालेल्या त्या पायऱ्या भिंतीचा आधार घेत एकेक करून उतरत गेले, म्हणजे भूमीच्या पातळीखाली असलेल्या शिवलिंगापाशी आपण पोहोचतो; आणि तेथे मान वर केली की शिखराच्या जागी आकाशाचा तुकडा दिसतो, कारण शिखर अपुरे राहिले म्हणा की पुढे ढासळले म्हणा, गाभाऱ्यावर आज पुरते आच्छादन नाही. शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा, शिलालेख मिरविणारे हे शिलाहारकालीन मंदिर ज्यांनी उभारले, त्यांच्या डोळ्यांसमोर दक्षिणेला मलंगगडाचा कडा आणि आग्नेयेला चंदेरीचा सुळका अशी दोन उत्तुंग आसने तयारच असताना त्यांनी देवाला खळग्यात बसविले. यामागे शिल्पशास्त्राची कारणे असतील, ती जाणकारांनी सांगावीत. देव उंचावरच असतो हा आपला समज एकदा तपासून घ्यावा, अशी शंका मात्र या मंदिराच्या पायऱ्या उतरताना मला नेहमी येते.

वास्तविक महाराष्ट्राचे दैवतमंडळ या बाबतीत एकमताचे नाहीच. सप्तशृंगीची देवी, जेजुरीचा खंडेराय, कोल्हापूरजवळचा जोतिबा ही दैवते भक्ताच्या पोटऱ्यांची परीक्षा घेतल्याशिवाय दर्शन देत नाहीत; उलट ज्याच्यासाठी लक्षावधी माणसे दिवसेंदिवस चालतात, तो पंढरीचा विठोबा नदीकाठच्या सपाट भूमीवर, एका विटेपुरती उंची घेऊन, निवांत उभा आहे. असे असूनही साधनेचे वर्णन करावयाचे म्हटले की लेखणी डोंगराकडे वळते. पायथा म्हणजे संसार, चढण म्हणजे साधना, माथा म्हणजे सिद्धी, हा हिशेब ठरून गेलेला आहे, आणि या हिशेबातील चढणारा मनुष्य नेहमी एकटा असतो. त्याच्या कमरेला दोर नसतो, मागे कोणी धापा टाकीत येत नसते, आणि माथ्यावर पोहोचल्यावर, खाली कोणाला काही कळवावे अशी गरजही त्याला भासत नाही. माझा प्रश्न या एकटेपणाविषयी आहे. वर जाणारा खरोखरच एकटा जातो काय? आणि जो मध्येच थांबला त्याचे तो काही देणे लागतो की नाही? धर्मचर्चेत हा प्रश्न पूर्वी येऊन गेला असेलही. मला तो पडला मलंगगडाच्या बालेकिल्ल्याखाली, एका अरुंद कंगोऱ्यावर, एका जुन्या मित्राच्या सोबतीत.

हा मित्र उल्हासनगरचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची जी प्रचंड छावणी पडली होती, तिच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची व्यवस्था करण्यात आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याच ठिकाणी उल्हासनगरची कोनशिला बसली. लष्कर गेले, पण छावणीचा हिशेब राहिला; आजही तेथील रहिवासी आपला पत्ता कॅम्प एक ते कॅम्प पाच या क्रमानेच सांगतो. मित्राच्या आजीने अशाच एका बराकीत, गोणपाटाचा पडदा लावून, संसार पुन्हा मांडला. आणि सिंधमधून तिला जे थोडे आणता आले त्यात झूलेलालाची एक तसबीर आणि सिंधी कवी शाह अब्दुल लतीफ यांच्या काव्यातील ससुईची कथा या दोन वस्तू होत्या. तसबीर दुकानात गेली, कथा नातवाकडे आली. तो आणि मी एकाच लोकलने महाविद्यालयात जात असू. मी अंबरनाथला चढे, तो उल्हासनगरला. पुढे दोघेही प्रपंचात पडलो, त्याच्या डोक्यावरचे केस गेले, माझे पांढरे झाले. डोंगराचे वेड तेवढे दोघांचेही सुटले नाही. बदलापूरच्या रस्त्याने जाताना चंदेरी दिसली की तो अजूनही बोलणे अर्धवट टाकून गाडी बाजूला घेतो.

मलंगगडाची अर्धी वाट ही गिर्यारोहणाची नव्हेच. मलंगवाडीपासून पीरमाचीपर्यंत पायऱ्यांवर बाजार भरलेला असतो. चादरी, फुले, अत्तर, लिंबाचे सरबत, चहा, आणि दर दोन वळणांनी बसलेला एखादा म्हातारा, जो 'अजून किती' या प्रश्नाला वर्षानुवर्षे 'आलंच की' असे एकच उत्तर देत असतो. माचीवर हाजी मलंग यांचा दर्गा आहे. याच स्थानाला कित्येक हिंदू नाथपंथी समाधी मानतात, आणि माघी पौर्णिमेला दोन्हीकडचे लोक येथे येतात. या स्थानाची वहिवाट केतकर या ब्राह्मण घराण्याकडे आहे. १८१७ साली तिचा कज्जा उत्पन्न झाला, तेव्हा संताचीच मर्जी अजमावावी म्हणून चिठ्ठ्या टाकल्या, आणि तीनही वेळा चिठ्ठी त्याच घराण्याच्या बाजूने निघाली, अशी हकीकत ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. गेल्या काही दशकांत या स्थानाच्या स्वरूपावरून जो वाद माजला आहे त्याचा फैसला करण्याचा अधिकार मला नाही आणि हौसही नाही. परंतु वर जो कोणी आहे त्याचेही मत एकदा विचारून घ्यावे, एवढा विनय तरी त्या चिठ्ठ्या टाकणाऱ्यांपाशी होता, हे मला फार मोलाचे वाटते.

भाविकांची वाट दर्ग्यापाशी संपते आणि दुसरीच एक वाट सुरू होते, जिच्यावर दुकान नाही, पायरीचा भरवसा नाही आणि रविवार सोडला तर माणूसही नाही. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, १७८० साली, कॅप्टन ॲबिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने हा गड घेण्याचा विडा उचलला. खालची माची त्याच्या हाती आली, पण मराठ्यांची शिबंदी बालेकिल्ल्यात चढून बसली, आणि तो वरचा एवढासा तुकडा काही केल्या त्याच्या हाती लागेना. शेवटी वेढा घालणाराच वेढला गेला आणि कर्नल हार्टले याच्या फौजेला त्याच्या सुटकेसाठी यावे लागले. गड अर्ध्यावर जिंकता येत नाही, हे त्या बिचाऱ्याला सरकारी खर्चाने समजले; आम्ही दोघे ते पदरमोड करून शिकण्यासाठी निघालो होतो.

पीरमाचीवरची दुसरी माची जी सोनमाची, तिच्या वर खडकात खोदलेल्या पायऱ्या चढत गेले की एके ठिकाणी वाट अकस्मात तुटते. कड्याचा तुकडाच निखळून गेला आहे, आणि त्या भगदाडावर, बालेकिल्ल्यावरील टाक्यांचे पाणी खाली आणण्यासाठी कधी काळी टाकलेला लोखंडी पाइप आडवा पडला आहे. हाच आता पूल. पाइप गोल, त्यावर बूट पुरता टेकत नाही, तळव्याचा मधला भाग तेवढा टेकतो आणि टाच व चवडा दोन्ही हवेत राहतात. जोडाच्या ठिकाणी बोल्टांची गाठ असते, तेथे पाऊल उचलून पलीकडे टाकावे लागते, आणि एरवी ज्याला आपण पाऊल म्हणतो त्यात किती क्षण एका पायावर जातात ते तेव्हा कळते. गंजाचा तांबूस भुगा बोटांना लागतो आणि घामात मिसळला की त्याला रक्तासारखा वास येतो. 'खाली पाहू नकोस' असा उपदेश सारेच करतात; पण पाऊल कोठे ठेवावयाचे हे पाहण्यासाठी खाली पाहावेच लागते, आणि पाइप अरुंद असल्यामुळे त्याच्या दोन्ही अंगांची दरी न बोलावताच नजरेत येते. मित्र आधी पलीकडे गेला. त्याने खडकातल्या बोल्टला स्वतःला जखडून घेतले, दोर ओढून घेतला, आणि ओरडला, ''बिले ऑन! ये आता, आरामात ये यार.'' त्या 'आरामात' या शब्दाचा मला तेव्हा फार राग आला होता.

पाइपच्या पलीकडे तुटक्या पायऱ्या आणि त्यांवर कातळाचा एक उभा टप्पा आहे. तेथपर्यंत आल्यावर मित्राचा उजवा खांदा, जो पूर्वी कधीतरी मोटारसायकलवरून पडून दुखावला होता, काम देईनासा झाला. हात खांद्याच्या वर जाईना. तो एका कंगोऱ्यावर बसला, दोनदा हात फिरवून पाहिला आणि शांतपणे म्हणाला, ''तू जा. मी इथून बिले देतो.''

ज्यांनी कधी दोरावर चढाई केलेली नाही त्यांच्यासाठी येथे थोडे सांगितले पाहिजे. दोघांच्या चढाईत पुढे जाणारा आपल्या कमरेचा दोर वाटेतल्या बोल्टांत कॅराबिनरने अडकवीत वर जातो आणि खाली बसलेला सोबती तो दोर लागेल तसा सोडीत राहतो; यालाच बिले देणे म्हणतात. वरचा निसटला तर ज्या बोल्टात शेवटचा दोर अडकवला असेल त्याच्या तो जितका वर असेल तितकाच त्याच्या खाली येतो. म्हणजे दहा फूट वर असणारा निदान वीस फूट पडतो, आणि तेही खालच्याने दोर वेळीच आवळला तर. दोर जास्त सोडला तर पडणे लांबते, कमी सोडला तर चढणाऱ्याला मागे ओढल्यासारखे होऊन तो त्यामुळेच निसटू शकतो. खालच्याला वरचा पुष्कळदा दिसतही नाही. हातातून सरकणाऱ्या दोराच्या गतीवरूनच त्याने ओळखावयाचे की आता तो थांबला आहे, आता चाचपडतो आहे, आता त्याला हातभर दोर एकदम हवा आहे. आपल्या जुन्या दिवाणी व्यवहारात याला एक चांगले पद होते: जामीन. कर्ज घेणारा दुसरा, त्याचा उपभोग घेणारा दुसरा, आणि बुडाले तर भरणारा तिसराच. आणि तरीही या तिसऱ्याच्या सहीशिवाय सावकार रोकड मोजीत नसे.

'तू जा, मी थांबतो' हे वाक्य अध्यात्मात विरक्तीचे किंवा हताशपणाचे ठरते. येथे त्याचा अर्थ अगदी निराळा होता, कारण तो खरोखरच निघून गेला असता, किंवा नुसताच पाठ टेकून डोळे मिटून पडला असता, तर मला एक पाऊलही वर टाकता आले नसते. माझ्या जाण्याचे अर्धे काम त्याच्या थांबण्यात होते. दासबोधाच्या चौथ्या दशकात समर्थांनी नवविधा भक्तीचे एकेक समास सांगितले आहेत. त्यात सख्याला आठवे स्थान आहे, आत्मनिवेदनाच्या अगदी अलीकडचे. लहानपणापासून मला हा क्रम उलटा वाटत असे. सख्य ही तर सुरुवातीची, सलगीची, सोपी गोष्ट, आणि पाय धरणे, पूजा करणे, दास्य पत्करणे ही कठीण. मग सख्य इतक्या वर कसे? पण देवाचे सख्य हवे असेल तर आपल्या सुखावर पाणी सोडण्याची तयारी ठेवावी, असे समर्थांचे तेथे सांगणे आहे, आणि सख्याची ही कल्पना सलगीपेक्षा जामीनकीच्या फार जवळची आहे. दास आज्ञेची वाट पाहतो. सख्याला आज्ञा नसते. दोराच्या हिसक्यावरून त्याने ओळखावयाचे असते. ज्याला हे साधले त्याने आत्मनिवेदनापासून एकच पायरी दूर असावे, यात नवल ते काय?

मी वर पोहोचलो. माथ्यावर छप्पर उडालेल्या वाड्याच्या भिंती आहेत, खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, आणि चारी दिशांना इतका मुलूख आहे की डोळ्यांना तो कोठून मोजावा हे कळत नाही. माथेरानची लांबलचक पठारी ओळ, तिच्या अलीकडे चंदेरी आणि म्हैसमाळ, दुसरीकडे प्रबळगड; आणि उत्तरेला, धुराच्या एका मळकट थराखाली, अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर ही तीन नगरे, जी खाली असताना आपापल्या हद्दींवरून भांडतात आणि वरून पाहता ज्यांच्यातली सीमा कोणाला दाखविता येणार नाही. सपाटीवर आल्यावर मी रीतीप्रमाणे ''ऑफ बिले'' असे ओरडलो आणि कमरेची गाठ सोडली. त्या क्षणी जे वाटले ते मोकळेपण नव्हते. इतका वेळ कमरेला जो एक हलका ताण होता, ज्याचा चढताना मला अनेकदा त्रास झाला होता, तो नाहीसा झाल्याबरोबर त्या विस्तीर्ण देखाव्यात मी कोठे उभा आहे हेच मला समजेना. सपाटीच्या मधोमध असूनही मी खाली बसलो. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहिल्यावर अर्जुनाची जी गत होते ती मला या प्रसंगी आठवली, असे म्हणणे आढ्यतेचे होईल. ती मला पुढे घरी आठवली. ज्याला आपण बरोबरीने हाक मारली, थट्टा केली, जेवता-बसता ज्याचा मान राखला नाही, त्याची क्षमा मागून अर्जुन शेवटी मागतो काय, तर तेच ओळखीचे, सौम्य रूप. सारे विश्व दिसत असताना त्याला सखा हवासा वाटतो. या मागणीला काही टीकाकार भक्ताची दुर्बलता मानतात. मला तर त्या अध्यायातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट तीच वाटते.

पहिला कोण, हा प्रश्न दोरावरच्या माणसांना किती गौण वाटतो हे एव्हरेस्टच्या वेळी जगाला दिसले होते. २९ मे १९५३ रोजी तेनझिंग आणि हिलरी एकाच दोरावर शिखरावर पोहोचले. खाली उतरल्यावर पत्रकारांनी, पुढाऱ्यांनी आणि दोन-तीन राष्ट्रांच्या अभिमानाने त्यांना त्या एका प्रश्नाने इतके सतावले, की दोघे जवळजवळ एकदमच पोहोचले असे निवेदन काढावे लागले. पुढे १९५५च्या आत्मकथनात तेनझिंगने, हिलरीने पाऊल आधी टाकले हे सांगून टाकले, आणि सांगताना त्यात काही गमावल्याचा सूर नाही. याच पर्वतावर १९३४ साली मॉरिस विल्सन नावाचा एक इंग्रज एकटाच चढावयास गेला होता. गिर्यारोहणाचा अनुभव त्याच्यापाशी जवळजवळ नव्हता. उपवास आणि प्रार्थना यांच्या बळावर मनुष्याला काहीही साध्य करता येते ही श्रद्धा होती, आणि तीच जगाला दाखवावी म्हणून तो निघाला होता. पुढच्या वर्षी गेलेल्या तुकडीला त्याचा देह बर्फात सापडला. या माणसाची चेष्टा करण्याची प्रथा आहे; ती मला करवत नाही, कारण त्याची श्रद्धा आपल्यापैकी पुष्कळांच्या श्रद्धेपेक्षा अस्सल होती. परंतु मधल्या सर्व माणसांना वगळून थेट ईश्वराशीच व्यवहार करण्याची जी घाई तीत होती, ती मला धर्मदृष्ट्याही खटकते. त्याच्याबरोबरच्या भोटिया सोबत्यांनी पुढे येण्यास नकार दिला होता. ईश्वराचे म्हणणे त्यांच्या तोंडून आले असेल, ही शक्यता त्याने विचारात घेतलेली दिसत नाही.

आपल्या परंपरेत पर्वतारोहणाची सर्वांत थोर आणि सर्वांत कठोर कथा महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात आहे. हिमालय ओलांडून जाताना प्रथम द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. प्रत्येक वेळी भीम विचारतो की ही का पडली, हा का पडला, आणि युधिष्ठिर मागे वळून न पाहता कारण सांगतो: हिचा अर्जुनाकडे पक्षपात, ह्याला बुद्धीचा गर्व, त्याला रूपाचा, तिसऱ्याची बढाई. आणि भीमाच्या वेळी तर विचारणारा स्वतःच पडलेला असतो. लहानपणी ही कथा ऐकताना मला युधिष्ठिर आवडत नसे. एखाद्या मामलेदाराने दप्तर उघडून थकबाकीदारांची नावे वाचावीत तसा तो बोलतो आणि चालत राहतो. ग्रंथाचे भाष्यकार यावर सांगतात की कर्म ज्याचे त्यालाच भोगावे लागते, धर्माच्या वाटेवर जिवाला कोणी सोबती नसतो, म्हणून त्याचे न पाहणे हेच योग्य. बरे, पण मग कुत्र्याचे काय? स्वर्गाचा रथ दाराशी येऊन उभा राहिला असता, मागे-मागे आलेल्या एका कुत्र्याला टाकून मी येणार नाही, असे हाच मनुष्य इंद्राला सांगतो, आणि त्यासाठी स्वर्गावर पाणी सोडावयास तयार होतो. पुण्याचा हिशेब ज्याचा त्याच्यापाशी असेल, तर कुत्र्याला रथात बसविण्याचा हट्ट बेकायदा आहे; आणि तो हट्ट धर्म्य असेल, तर द्रौपदीपाशी तो का झाला नाही?

याचे उत्तर मला पुढच्या, स्वर्गारोहण पर्वात सापडते, जेथे आपल्याकडील कीर्तनकार क्वचितच पोहोचतात, कारण त्यांची कथा बहुधा कुत्र्यापाशी, टाळ्यांच्या गजरात संपते. स्वर्गात युधिष्ठिराला दुर्योधन वैभवात बसलेला दिसतो आणि आपले कोणी दिसत नाही. आपली माणसे कोठे आहेत असे तो विचारतो, तेव्हा देवदूत त्याला अंधाऱ्या, दुर्गंधीच्या वाटेने नरकाकडे नेतो. परत फिरावे असे वाटत असतानाच ओळखीचे आवाज त्याला हाक मारतात, की तू येथे आहेस तोवर आमच्या यातना कमी होतात. आणि तेव्हा तो देवदूताला सांगतो की तू जा, मी येथेच राहतो. पर्वतावर ज्याने मागे वळून पाहिले नाही, तो नरकात मुक्काम ठोकतो, आणि तोही त्याच माणसांसाठी, ज्यांच्या दोषांची यादी त्याने चढताना न अडखळता वाचली होती. व्यासांनी ही परीक्षा मायेची होती असे पुढे सांगितले आहे. तो त्यांच्या कथेचा बंदोबस्त झाला. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की एकट्याच्या आरोहणाची कथा त्यांनी पुरी सांगितली आणि ती पुरी झाल्यावरही धर्मराजाची परीक्षा संपली असे मानले नाही. ती संपली तो खाली उतरून थांबला तेव्हा.

युधिष्ठिराचे हे सारे मी मित्राला परतीच्या वाटेवर, पीरमाचीच्या खालच्या एका चहाच्या टपरीवर सांगितले. दोरावरून उतरून, पुन्हा तो पाइप ओलांडून आम्ही खाली आलो होतो, आणि त्याचा हात गळ्यातल्या रुमालात अडकवलेला होता. त्याने ते लक्षपूर्वक ऐकले आणि मान्य केले नाही. त्याची साक्ष होती ससुईची. शाह अब्दुल लतीफ यांनी (१६८९–१७५२) आपल्या 'रिसालो'त या एका स्त्रीसाठी पाच सूर वेचले आहेत. तिच्या प्रिय पुन्हूला त्याच्या भावांनी रातोरात उंटावर घालून नेल्यावर ससुई अनवाणी त्याच्या मागे निघते, वाळवंट आणि मग पब पर्वताच्या उघड्यानागड्या चढणी तुडवते. मैत्रिणी निघतात तेव्हा त्यांना परत पाठवते, कारण ज्यांची घरे भरलेली आहेत त्यांचे या डोंगरात काम नाही. मित्र म्हणाला, ''तुझा युधिष्ठिर राजा आहे, त्याला मागे कोण राहिलं याची चिंता परवडते. ससुईकडे कोण होतं? ज्याला खरी तहान लागलीय तो दोर कुणाच्या हातात देणार? आजी सांगायची, शेवटचा डोंगर सगळ्यांना एकट्यानंच चढायचा असतो. तिनं ते पाहिलं होतं रे. सिंध सोडताना कोणी कोणासाठी थांबलं नाही.''

या शेवटच्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि असावे अशी अपेक्षाही कोणी करू नये. ज्यांना दोर धरणारे कोणी उरले नाही त्यांच्या श्रद्धेला 'एकलकोंडी' म्हणण्याचा अधिकार, ज्याच्या घराचा उंबरठा कधी हलला नाही अशा अंबरनाथकराला नाही. परंतु आपण ज्यांना एकटे समजतो ते सारेच तसे असतात हे मात्र मला पटत नव्हते, म्हणून मी त्याला तुकोबांची गोष्ट सांगितली. देहूजवळचा भंडारा डोंगर म्हटला की तुकोबांचा एकान्त डोळ्यांसमोर येतो. पण त्या डोंगरावर रोज भाकरी घेऊन चढणारी त्यांची पत्नी जिजाई वारकऱ्यांच्या कथेत तितक्याच ठसठशीतपणे उभी आहे. उन्हात, काट्यांतून, तोंडाने विठोबाला शिव्या देत ती चढते. पायात काटा मोडतो तेव्हा प्रत्यक्ष विठोबा तो काढावयास येतो, आणि ती त्याच्याकडेही पाठच फिरवते. एकान्ताला भाकर लागते आणि ती कोणीतरी वर आणावी लागते. ज्याने ती आणली त्याला त्या एकान्ताच्या फळात काही हिस्सा मिळतो की नाही, याविषयी आपल्या शास्त्रांत पत्नीपुरती काही तरतूद आहे. मित्रापुरती नाही, आणि आजीपुरती तर नाहीच नाही.

मित्र काही वेळ कपातला चहा हलवीत बसला. मग म्हणाला, ''भंडाऱ्यावर तुकारामांना काय दिसलं ते सगळ्यांना माहीत आहे. जिजाईला काय दिसलं, कुणी लिहून ठेवलंय?''

मी नाही म्हणालो.

''मग मला तरी विचार. तू वर गेलास, माथेरान बघितलंस, प्रबळ बघितलास. मी तिथे बसून काय बघितलं?''

मी विचारले. त्याने सांगितले की त्याला खडक दिसत होता, दोर दिसत होता, आणि दुसरे काहीही नाही. मी कातळाआड गेल्यावर माझा चेहरा कसा होता हेही त्याला आठवेना, फक्त दोर सरकला की मी आहे आणि थांबला की मी आहे, एवढेच चालले होते, आणि झूलेलालासमोर रोज बसूनही मन जितके एका जागी राहत नाही तितके ते तेव्हा राहिले. मध्येच एक मुंगळा त्याच्या पायावर चढला आणि घोट्यापाशी कडकडून चावला. ''झटकायला एक हात हवा होता,'' तो म्हणाला, ''एक खांद्यातनं गेलेला, आणि दुसरा तुझ्याकडे होता.'' पुढल्या हिवाळ्यात चंदेरीच्या सुळक्यावर जावयाचे आमचे ठरले आहे. खांदा बरा झाला तर दोर घेऊन पुढे तो जाणार आहे, आणि बूट घोट्याच्या वरपर्यंत येणारे घे, असे त्याने मला आतापासूनच बजावून ठेवले आहे.